चोरीचं लाकूड

“माकडटोपी का घातली होती?” सार्जंट प्रिचर्डबाईंनी पुन्हा विचारलं.

“कानाला वारं लागतं माझ्या,” विश्राम म्हणाला.

“त्या टोपीतून नुसते डोळे दिसतात.”

“डोळ्यांना नाही लागत वारं.”

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो नेमका दुखऱ्या अंगठ्यावर पडला आणि विश्राम कळवळून खुर्चीतून अर्धा उठला. दाराशी उभा असलेला पोलीस एक पाऊल पुढे आला. मी हसून त्याला खूण केली, की काही नाही, घरगुती आहे.

आम्ही बसलो होतो थॉर्नबेक गावातल्या जुन्या हॉटेलच्या जेवणघरात. थॉर्नबेक म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक ओलं, भलं आणि अतिशय चौकस गाव. मी तिथे कपडे बेतून, उसवून, लांब-आखूड करून देण्याचं दुकान चालवायचे. विश्राम मयेकर बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष होता. या दोन कामांपैकी पगार एकाचाच मिळायचा, पण मिजास दुसऱ्याची असायची.

आमच्या समोर टेबलावर पोलिसांनी विश्रामच्या गाडीतला ऐवज ओळीने मांडला होता: रॉकेलचा डबा, काडेपेट्यांचा पुडा, कापराची डबी, एक नारळ आणि पलंगाची एक मोडकी फळी. आमच्यापैकी कोणीही हे बघून सांगितलं असतं, की आज होळी आहे. पण प्रिचर्डबाई आमच्यापैकी नव्हत्या, आणि ते हॉटेलही साधं राहिलं नव्हतं.

झालं होतं असं. आपापल्या देशातून जीव मुठीत धरून आलेली आणि सरकारकडे आसरा मागणारी माणसं त्या हॉटेलात ठेवली होती. होळीच्या काही आठवडे आधी कोणीतरी रात्री येऊन हॉटेलच्या मागच्या दाराला आग लावली. दार जळलं, जिना काळा झाला, आतल्या सामानाची राखरांगोळी झाली. माणसं वाचली, कारण एकाला पोटदुखीने झोप लागली नव्हती. ते जळके पलंग, मोडकी कपाटं, फळकुटं मागच्या अंगणात रचून ठेवली होती. टेबलावरची फळी त्यातलीच.

आग लागली तेव्हा गावाने चर्चच्या हॉलमध्ये सभा भरवली. एक जण उठून म्हणाला, पोरं असतील, टवाळकी केली असेल, उगाच दहशतवाद वगैरे मोठे शब्द कशाला. बऱ्याच माना हलल्या. इंग्रज माणसाला मोठा शब्द वापरायचा म्हणजे पाहुण्यासमोर जांभई दिल्यासारखं वाटतं. तेव्हा मागच्या रांगेतून आमचा विश्राम उठला. त्याचं इंग्रजी बस डेपोचं, पण त्या दिवशी ते घाट चढलं. म्हणाला, “आग लावणाऱ्याला विचारू नका गंमत होती का. ज्याच्या दाराला लावली त्याला विचारा. माणसं आत झोपलेली असताना दार पेटवलं, ते लाकूड जाळायला नाही, माणसं घाबरवायला. घाबरवून पळवायला. याला तुमच्या कायद्यात जे नाव आहे तेच नाव द्या.”

टाळ्या मीच सुरू केल्या. विश्रामच्या नावे मी इतकी वर्षं बरंच काही मांडून ठेवलं होतं: बढाया, विसरभोळेपणा, दर गणपतीला तेच भाषण. त्या दिवशी जमेच्या बाजूला एकदम मोठी रक्कम पडली.

आणि आता तोच विश्राम, तोंड झाकणारी टोपी घालून, गाडीत रॉकेल ठेवून, त्याच जळक्या दाराशी सापडला होता.

“लाकूड विकत मिळतं,” प्रिचर्डबाई म्हणाल्या.

“घेतलंय. पलीकडच्या रग्बीच्या मैदानावर रचून ठेवलंय. परवानगी आहे आमच्याकडे.”

“मग हे कशाला?”

विश्रामने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मी त्याला निघतानाच सांगितलं होतं, की बाबा, हे गुहागर नव्हे. पण त्याचं म्हणणं, मैदानावरची लाकडं दुकानातली, जाळीच्या पिशवीतली, भट्टीत वाळवलेली, एकसारखी कापलेली. त्यांची होळी म्हणजे हॉस्पिटलातलं जेवण. होळीत एक तरी चोरीचं लाकूड हवं. त्याशिवाय पेटते, पण लागत नाही. आता हे प्रिचर्डबाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

विश्रामने आहे त्याच तोंडाने सांगितलं.

“आमच्याकडे होळीला लाकडं चोरतात.”

“चोरतात,” बाईंनी लिहून घेतलं.

“म्हणजे चोरी नाही ती.”

“चोरतात, पण चोरी नाही.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “मिस्टर मयेकर, तुम्ही त्या सभेत बोललात ते मी ऐकलंय. तुम्ही आग लावायला आला होतात असं मला वाटत नाही. पण या दाराजवळ रॉकेल घेऊन सापडलेला माणूस मला तसाच सोडता येत नाही. आत्ता तर नाहीच.”

“त्याची बुधवारी शपथ आहे हो,” मी न राहवून बोलले. “नागरिकत्वाची. बारा वर्षांनी आलीय. सूट मी स्वतः बेतलाय.”

ही खरी गोम होती. त्याच्या नावाने त्या आगीच्या तपासात नुसती चौकशी उघडी राहिली असती, तरी शपथ पुढे गेली असती, आणि सरकारी ‘पुढे’ किती लांब असतं ते बारा वर्षं वाट बघणाऱ्याला काय सांगायचं. त्याची बायको सुलेखा घरी पुरण वाटत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

प्रिचर्डबाईंनी दोघांकडे पाहिलं. बाई मनाच्या बऱ्या होत्या. कोटाचं अस्तर मात्र खांद्यात उसवलेलं होतं. म्हणजे घरी बघायला कोणी नाही, किंवा वेळ नाही.

“एक मार्ग आहे,” त्या म्हणाल्या. “मी असं लिहिते, की सणाची प्रथा, निव्वळ गंमत, कोणाला त्रास द्यायचा हेतू नव्हता. तुम्ही खाली सही करा. फळी परत ठेवा आणि घरी जा.”

मी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. देवाने दार उघडलं होतं. आपण फक्त उंबरा ओलांडायचा.

“गंमत लिहू नका,” विश्राम म्हणाला.

“विश्राम,” मी मराठीत म्हटलं, “सही कर आणि ऊठ.”

“नाही ताई.”

“अरे, बाई सोडतायत तुला.”

“त्या सोडतायत हो. पण मी सगळ्या गावासमोर काय बोललो? की करणाऱ्याला विचारू नका गंमत होती का. आणि आता माझी वेळ आली, की माझी तेवढी गंमत?”

“तू होळीला आलास. ते घर जाळायला आले होते.”

“ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. वरच्या खिडकीतून बघणाऱ्याला कसं माहीत असणार? त्याला दिसली माकडटोपी.”

“शहाण्या, हे टोपी घालण्याआधी सुचायचं.”

“नाही सुचलं,” तो खाली मान घालून म्हणाला. “खरंच नाही सुचलं. लाकूड दिसलं, लहानपणचा शिमगा आठवला आणि डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही.”

प्रिचर्डबाईंनी विचारलं, आमचं काय चाललंय. विश्रामने त्यांना सगळं सरळ सांगून टाकलं. म्हणाला, “या हॉटेलात राहणाऱ्यांना विचारा. त्यांना भीती वाटली असेल तर जे व्हायचं ते होऊ दे. मी माफी मागेन आणि बुधवारचं बुधवारी बघू.”

मी त्या क्षणी त्याचा सूट मनातल्या मनात परत उसवला.

हॉटेलचा मॅनेजर वर जाऊन आला. मागच्या बाजूच्या खोलीतली एक बाई म्हणाली, की मी बघितलं. ती खाली आली, आणि मी ओळखलं: शिलान. इराणमधल्या मरिवान गावची कुर्द बाई, तिथे शाळेत भूगोल शिकवायची. दुकानात कोट आखूड करायला आली होती. दानधर्मात मिळालेला तो कोट तिला घोट्यापर्यंत यायचा. माप घेताना तिने अंग इतकं आक्रसून घेतलं होतं, की मी दोन बोटं सैल धरूनच शिवला.

तिचं इंग्रजी बेताचं होतं. प्रिचर्डबाईंनी फोनवर दुभाषा घेतला आणि फोन टेबलावर नारळाशेजारी ठेवला. दुभाषा कुठल्या तरी दूरच्या शहरातून बोलत होता, आणि मागे त्याच्या घरी कोणीतरी कुकर लावला होता.

“तुम्ही या माणसाला पाहिलंत?”

शिलान बोलली. फोन म्हणाला, “पाहिलं. खिडकीतून. डोक्यावर ती… ती टोपी होती. टोपीला काय म्हणायचं?”

“माकडटोपी,” विश्रामने मदत केली.

“माकड?” फोन म्हणाला.

“पुढे चला,” प्रिचर्डबाई म्हणाल्या. “तुम्हाला भीती वाटली?”

शिलानने विश्रामकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते आणि चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा.

“वाटली,” फोन म्हणाला. “टोपी बघून वाटली.”

विश्रामने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, गेला बुधवार.

शिलान बोलतच होती. दुभाष्याला तिला गाठताना धाप लागत होती.

“मग त्याने एक फळी उचलली. वाजवून बघितली. ठेवली. दुसरी उचलली. आमच्या गावी बायका कलिंगड घेतात तसं. मग ती फळी त्याच्या पायावर पडली आणि तो एका पायावर नाचला. मग गाडीत ही कपडे शिवणारी बाई होती, तिने काच खाली केली आणि ती त्याला रागावली. खूप वेळ रागावली. हात करून रागावली. मी म्हटलं, ज्या चोराला गाडीतली बाई एवढी रागावते, त्याला आपण कशाला घाबरायचं?”

दाराशी उभ्या पोलिसाला अचानक खोकला आला. प्रिचर्डबाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मी उलटं वाचून पाहिलं, तर नुसती रेघ होती.

“आणि,” फोन म्हणाला, “ती म्हणते, आमच्याकडे नवरोजच्या आधी डोंगरावर आग पेटवतात. पोरं घरोघरची लाकडं पळवतात. घरच्या माणसाने बघितलं तरी न बघितल्यासारखं करायचं असतं. म्हणून मी पडदा ओढून घेतला. पोलिसांना मी बोलावलं नाही. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने बोलावलं.”

“बघा,” विश्राम माझ्या कानाशी म्हणाला. “त्यांच्यातही आहे.”

“गप्प बस,” मी म्हटलं.

प्रिचर्डबाईंनी पेन बंद केलं. काम झालं होतं. त्या उठता उठता थांबल्या आणि अगदी सहज, जणू हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या खिडकीतून मागचं दार दिसतं.”

फोनने ते कुर्दीत सांगितलं. कुकरची शिट्टी झाली.

मला नंतर कळलं, की आगीनंतर मागच्या बाजूच्या प्रत्येक खोलीत पोलीस विचारून गेले होते. सगळे म्हणाले, आम्ही झोपलो होतो. शिलानही म्हणाली होती. आपापल्या देशात पोलिसांशी बोलल्याचे जे परिणाम असतात, ते या लोकांनी भोगले होते. आणि साक्षीदारच नसल्यामुळे ती आग कागदोपत्री अजून ‘मालमत्तेची नासधूस’ होती. दोन तरुण पकडले होते. त्यांचं म्हणणं, दारू जास्त झाली, शेकोटी केली, वाऱ्याने पसरली.

शिलानने विश्रामकडे बोट केलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

“ती विचारते,” फोन म्हणाला, “या माणसाला तुम्ही सोडत होतात ना? मॅनेजरने सांगितलं. मग याने मला का बोलवायला लावलं?”

उत्तर विश्रामनेच दिलं. “दार तुमचं ना,” तो म्हणाला. “मग तुम्हालाच विचारायला पाहिजे.”

हे तिला दुभाष्याशिवाय कळलं असावं. कारण फोन बोलायच्या आतच ती खुर्ची ओढून बसली. आतापर्यंत ती उभीच होती.

“दिसतं,” ती इंग्रजीत म्हणाली. “दार दिसतं.”

मग ती कुर्दीत बोलली. घाईने नाही, वर्गात नकाशा समजावून सांगावा तसं. दोघे होते. शेकोटी नव्हती, बाटली होती आणि बाटलीत चिंधी. एकाने पेटवली, दुसऱ्याने खिडक्यांकडे बघून ओरडून सांगितलं. जे सांगितलं ते तिने इंग्रजीत, त्यांच्याच शब्दांत म्हटलं. त्या शब्दांपुरतं तिचं इंग्रजी बिनचूक होतं.

“परत जा. पुढच्या वेळी दार बाहेरून लावून पेटवू.”

प्रिचर्डबाई परत खाली बसल्या. म्हणाल्या, हे उद्या व्यवस्थित घेऊ. कॅमेऱ्यासमोर, समोर बसणाऱ्या दुभाष्यासमोर. तोवर या विषयावर कोणाशी बोलायचं नाही. आणि आमच्याकडे वळून, “तुम्ही तर तिच्याशी या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही.”

“नाही बोलणार,” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

“माझी फळी?” विश्रामने विचारलं.

शिलानने फळी उचलून त्याच्या हातात दिली. मग तिने अट घातली, आणि दुभाष्याच्या आवाजातसुद्धा ती अट हुकूम वाटत होती: लाकूड आमच्या पलंगाचं आहे, तेव्हा आग आमचीही आहे, आम्ही येणार.

आले. सूर्य मावळायला टेकला असताना रग्बीच्या मैदानावर हॉटेलातली झाडून सगळी माणसं आली. शिलानच्या मागे सुदानचे, अफगाणिस्तानचे, कुठकुठचे. सुरुवातीला सगळे लांब उभे होते. आगीचा तो पहिला भडका झाला तेव्हा दोघी-तिघी मागे सरल्या, आणि ते आमच्या लक्षात आलं. सुलेखाला तोवर सगळं कळलं होतं. तिने एका हाताने नवऱ्याला बोलणं आणि दुसऱ्या हाताने पुरणपोळ्या वाढणं एकाच वेळी चालवलं होतं. तुपाची धार मात्र कुठे चुकली नाही. गोड तोंडात गेल्यावर माणसं दोन पावलं पुढे आली. मग आणखी दोन. प्रिचर्डबाई आपल्या वेळात, साध्या कपड्यांत आल्या होत्या. त्यांच्या हातात त्यांनी स्वतः आणलेली पाण्याची बादली होती. विश्वास होता त्यांचा आमच्यावर, पण बादलीएवढा कमी.

विश्रामने फळी होळीत टाकली आणि तोंडावर हात मारून अशी बोंब ठोकली, की रग्बी क्लबच्या छपरावरची कबुतरं उडाली. मंडळाचे बाकीचे सुरू झाले. आमचे कोरे शर्ट घालणारे कॉम्प्युटरवाले, दाताचा डॉक्टर, त्याची सासू, सगळे.

“हे काय?” शिलानने मला खुणेने विचारलं.

मी तिला माझ्या आणि तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. की वर्षातला एक दिवस असतो. ज्याचा राग असेल त्याच्या नावाने ओरडायचं. शिव्या द्यायच्या. कोणी रागवत नाही. गळ्यात काही ठेवून घरी जायचं नाही.

“नाव माहीत नसेल तर?”

“तोंडं आठवली तरी चालतं.”

या विषयावर बोलायचं नाही असं ठरलं होतं. ओरडण्याबद्दल कोणी काही ठरवलं नव्हतं.

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग विश्रामसारखा तोंडावर हात धरला. पहिला आवाज आला तो मांजराच्या पिलाचा. दुसरा त्याहून बरा. तिसऱ्याला तिने हात खाली घेतला, मान मागे टाकली आणि जिभेचा असा काही लांबलचक, थरथरता, डोंगर ओलांडून जाणारा आवाज काढला, की दाताच्या डॉक्टरची सासू आदराने गप्प झाली. मग ती थांबेना. कुर्दीत, फारसीत, इंग्रजीत, आणि विश्रामने शिकवलेल्या तीन मराठी शिव्यांत, ज्यातल्या दोन मी इथे लिहू शकत नाही. तिच्या मागची माणसं सुरू झाली. निखारे पडल्यावर एका बाजूला काढलेल्या जाळावरून ती कोट आवरून उड्या मारत होती, तिच्यामागे सुलेखा, सुलेखामागे विश्राम, तोही त्या अंगठ्यावर.

“हे किती वेळ चालतं?” प्रिचर्डबाईंनी मला विचारलं. बादली त्यांनी कधीच खाली ठेवली होती.

“गळा बसेपर्यंत.”

बुधवारी विश्रामने लंगडत जाऊन शपथ घेतली. सूट उत्तम बसला होता.

खटला पुढे शरदात उभा राहिला. निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट निकालाची नाही: दोघे आत गेले, आणि न्यायाधीशांनी त्या आगीला दहशतवाद हेच नाव दिलं, जे विश्रामने चर्चच्या हॉलमध्ये मागितलं होतं. पण ते सगळं ठरलं शिलानच्या साक्षीवर, आणि त्या दिवशी आम्ही मंडळाचे दहा-बाराजण प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो होतो.

आधी तिची पोलिसांनी घेतलेली जबानी पडद्यावर दाखवली. ती होळीच्या दुसऱ्या दिवशीची. पडद्यावरच्या शिलानचा आवाज पार बसलेला. शब्द अर्धे वाऱ्यावर, अर्धे घशात. मध्येच ती पाणी पीत होती. सुलेखाने माझा हात घट्ट धरला. विश्राम लालबुंद होऊन बुटांकडे बघत होता. आमच्यापैकी कोणीही कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं, कारण एकाला जरी हसू फुटलं असतं तरी सगळ्यांना बाहेर काढलं असतं.

मग आरोपींचा वकील उठला. देखणा, उंच, शिंप्याने जीव लावून शिवलेला माणूस. त्याने अतिशय मायेने सुरुवात केली.

“तुमची जबानी आपण सर्वांनी ऐकली. तुमच्या तोंडून आवाजही फुटत नाहीये. तुम्ही प्रचंड घाबरलेल्या होतात, हे उघड आहे.”

शिलान दुभाष्याचं ऐकत उभी होती. मी आखूड केलेला तोच कोट अंगात होता.

“इतक्या घाबरलेल्या माणसाला,” वकील म्हणाला, “न बोललेले शब्दही ऐकू येऊ शकतात. नाही का? दोन तरुण पोरं दारूच्या नशेत काही बरळली, आणि तुमच्या भीतीने त्याची धमकी केली.”

“नाही,” शिलान म्हणाली.

“पण तुमचा आवाज…”

“ज्या रात्री घाबरले होते, त्या रात्री आवाजच नव्हता,” दुभाष्याने तिचं म्हणणं सांगितलं. “तेव्हा फक्त कान होते. ऐकलं ते पूर्ण ऐकलं. पडद्यावरचा आवाज भीतीने बसलेला नाही. आदल्या संध्याकाळी ओरडून बसलाय.”

न्यायाधीशांनी मान वर केली. वकील गोंधळला. वकिली शिकवणारा कोणीतरी त्याला नक्की सांगून गेला असणार, की ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारू नये. पण प्रश्न त्याच्या तोंडून सुटला होता.

“ओरडून? कोणावर ओरडत होतात?”

शिलानने दुभाष्याची वाट बघितली नाही. तिने आरोपींच्या पिंजऱ्याकडे सरळ हात केला, आणि खणखणीत, शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, “त्यांच्यावर.”